इस्रोबरोबर काम करायचंय? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

इस्रोच्या अध्यक्षांच्या नावे एक पत्र, सोबत तीस स्लाइडचं प्रेझेंटेशन आणि शेवटी ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे’. बहुतेक नवखे इथून सुरुवात करतात आणि बहुतेकांचं काम इथेच थांबतं. पत्र कुणी मुद्दाम बाजूला टाकत नाही. ‘सहकार्य’ नावाचं टेबल तिथे नसतं, त्यामुळे ते कुठल्या टेबलावर ठेवायचं हेच कुणाला कळत नाही. तिथे ठरलेली दारं आहेत आणि प्रत्येक दाराची कागदपत्रं, मुदती, शब्दसुद्धा वेगळे आहेत. हा लेख पुणे परिसरातल्या तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: कॉलेजातले प्राध्यापक आणि विद्यार्थी, उपकरण किंवा उपग्रह बनवू पाहणारी छोटी कंपनी, आणि भोसरी-चाकणमध्ये मशिन शॉप चालवणारे.

पहिली पायरी: दार ओळखा

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या भारतीय अंतराळ धोरणाने कामांची वाटणी लिहून ठेवली आहे. ती आधी नीट समजून घ्या, पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

इस्रोकडे संशोधन, नवं तंत्रज्ञान आणि मोठ्या मोहिमा. इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे परवानगी: खासगी कंपनी असो की कॉलेज, अंतराळात काही पाठवायचं असेल किंवा इस्रोची चाचणी-सुविधा वापरायची असेल, तर अर्ज इथे. मुख्यालय अहमदाबादच्या बोपलमध्ये आहे, जून २०२२ पासून. एनएसआयएल म्हणजे न्यूस्पेस इंडिया लिमिटेड ही मार्च २०१९ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी, तिच्याकडे व्यापार: प्रक्षेपण विकणं, उद्योगांकडून रॉकेट बांधून घेणं, इस्रोचं तंत्रज्ञान उद्योगांना देणं. तिन्ही अंतराळ विभागाच्या छत्राखाली आहेत, पण एकीच्या टेबलावरचा कागद दुसरीकडे आपोआप जात नाही.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपण देणार काय? ज्ञान देणार असाल (शोधनिबंध, अल्गोरिदम, नवं साहित्य) तर ‘रिस्पॉन्ड’ ही संशोधननिधीची योजना. वस्तू वर पाठवणार असाल तर इन-स्पेस. वस्तू बनवून विकणार असाल तर इस्रोच्या केंद्रांची खरेदी किंवा एनएसआयएल. आणि यातलं काहीच अजून हातात नसेल तर डेटा. तिथे करार लागत नाही, ओळख लागत नाही.

‘इस्रो’ म्हणतानाही नेमकं केंद्र माहीत असू द्या. रॉकेटची रचना तिरुवनंतपुरमच्या व्हीएसएससीमध्ये, द्रव इंधनाची इंजिनं एलपीएससीमध्ये, उपग्रह बंगळुरूच्या यू. आर. राव केंद्रात, उपग्रहावरचे कॅमेरे, रडार आणि दळणवळणाची उपकरणं अहमदाबादच्या सॅकमध्ये, दूरसंवेदनाचा डेटा हैदराबादच्या एनआरएससीमध्ये. व्हीएसएससीला कॅमेऱ्याचा प्रस्ताव पाठवणं म्हणजे कोथरूडची तक्रार हडपसर चौकीत देणं.

दुसरी पायरी: आधी फुकटचं वापरून दाखवा

ही पायरी सगळे वगळतात, आणि आमच्या मते तीच सगळ्यात स्वस्त ओळखपत्र आहे. धोरणानुसार सरकारी उपग्रहांची ५ मीटर आणि त्याहून भरड विभेदनाची (म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर ५ मीटरचा किंवा त्याहून मोठा) चित्रं सगळ्यांना मोफत खुली आहेत. एनआरएससीच्या ‘भूनिधी’ पोर्टलवर नोंदणी करा, नकाशावर आपला तुकडा आखा, तारखा निवडा, फाइल उतरवा. हवामान आणि समुद्राचा डेटा इस्रोच्या ‘मोसडॅक’ पोर्टलवर मिळतो. चांद्रयान, आदित्य आणि अ‍ॅस्ट्रोसॅटचा वैज्ञानिक डेटा बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या डेटा केंद्रामार्फत.

विभेदनाचे आकडे गुंठ्यात मांडून बघा, लगेच उमगतं. इस्रोच्या उपग्रहांवरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ५.८ मीटरचा, म्हणजे एका गुंठ्यात तीन पिक्सेल. लिस-३ चा पिक्सेल २३.५ मीटरचा, म्हणजे एकेक पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचा. एविफ्सचा ५६ मीटरचा, तोच एकटा एकतीस गुंठे व्यापतो. जुन्नरला अर्ध्या एकराची द्राक्षबाग एविफ्सवर शोधणारा प्रस्ताव तपासणाऱ्याच्या हातात गेला, तर तो पुढचं पान उलटत नाही. लिस-४ वरही बागेच्या कडेचे पिक्सेल बांध, रस्ता आणि शेजारचा ऊस यांची खिचडी असतात. ते सोडून आतलेच मोजायचे. शिवाय लिस-४ मध्ये हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त एवढेच पट्टे आहेत. निळा नाही, त्यामुळे डोळ्यांना दिसतं तसं रंगीत चित्र बनत नाही. पिकातला ओलावा जोखायला लागणारा लघुतरंग अवरक्त पट्टा हवा असेल तर लिस-३ कडे जावं लागतं.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची स्वच्छ प्रकाशचित्रं मिळतील असं गृहीत धरून वेळापत्रक आखू नका. ढगांतून बघायचं तर रडार: २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ उपग्रह सी-बँडमध्ये, म्हणजे ढग भेदणाऱ्या रेडिओलहरींच्या एका पट्ट्यात, बघतो.

दोन-तीन महिने असं काम करून, जागेवर जाऊन ताडून पाहिलेला एक दहा पानी अहवाल तयार ठेवा. पुढे रिस्पॉन्डचा प्रस्ताव लिहिताना ‘पूर्वतयारी’च्या रकान्यात तोच कामाला येतो.

तिसरी पायरी (कॉलेजांसाठी): रिस्पॉन्ड

रिस्पॉन्ड ही इस्रोची शैक्षणिक संस्थांना संशोधनासाठी निधी देणारी जुनी योजना. इस्रोची केंद्रं आपल्याला हव्या असलेल्या विषयांची यादी काढतात, तिला ‘रिस्पॉन्ड बास्केट’ म्हणतात. प्रत्येक विषयाखाली केंद्राचं नाव आणि अपेक्षित निष्पत्ती दिलेली असते. पुणेकरांना आणखी एक सोय आहे: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इस्रोचा स्पेस टेक्नॉलॉजी सेल आहे. असे सेल देशात मोजक्याच ठिकाणी आहेत, उदाहरणार्थ बंगळुरूची आयआयएससी आणि मुंबई, कानपूर, खरगपूर, मद्रासच्या आयआयटी. प्राध्यापकांनी आपला विषय या सेलच्या कक्षेत बसतो का, ही चौकशी आधी करावी.

क्रम असा ठेवा:

१. बास्केटमधला एक विषय निवडा. एकच. ‘आमचं कॉलेज या सात विषयांत काम करू शकेल’ हे वाक्य म्हणजे एकाही विषयात काम झालेलं नाही, अशी कबुली.

२. त्या विषयाच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञाला एक पानी टिपण पाठवा: प्रश्न, तुमची पद्धत, तुमच्याकडे आज असलेलं उपकरण, शेवटी काय हातात पडेल. इस्रोच्या बाजूने त्या कामात रस असलेला माणूस नसेल तर प्रकल्प मंजूर झाला तरी अनाथ राहतो. चाचणीची वेळ, नमुने, आतला डेटा, सगळं त्याच्यामार्फत येतं.

३. मुख्य संशोधक पूर्णवेळ नोकरीतला प्राध्यापक असावा, आणि प्रकल्प संपेपर्यंत निवृत्त होणारा नसावा. कंत्राटी प्राध्यापकाच्या नावावर प्रस्ताव टाकून पुढे कॉलेजने करार नूतन केला नाही, तर पैसा अडकतो.

४. अंदाजपत्रक रकान्यांप्रमाणे: संशोधन सहायकाची फेलोशिप, उपकरणं, कच्चा माल, प्रवास, किरकोळ खर्च, संस्थेचा ओव्हरहेड. प्रवासात केंद्राला वर्षातून दोन फेऱ्या तरी धराच. उपकरणाला आजचं कोटेशन जोडा. आणि ‘लॅपटॉप’ हा शब्द अंदाजपत्रकात दिसला की कात्री हातात घेतली जाते, हे लक्षात असू द्या.

५. मंजुरीनंतर खातं, पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा कशावर खर्च झाला याचा दाखला). केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतला १२-ए हा नमुना असतो. पुढच्या वर्षीचा हप्ता यावर लटकलेला.

सर्वाधिक गाडी अडते ती या पाचव्या मुद्द्यावर. विज्ञान चुकतं म्हणून प्रकल्प बंद पडल्याची उदाहरणं कमी. हिशेब विभागाने मार्चअखेर प्रमाणपत्र दिलं नाही, म्हणून दुसरा हप्ता आला नाही, म्हणून सहायक सोडून गेला, ही साखळी मात्र नेहमीची. उपाय साधा: मंजुरीपत्र येईल त्या दिवशी कॉलेजच्या अकाउंटंटबरोबर बसून रकान्यानिहाय वेगळं खातेपान उघडा. एका रकान्यातून दुसऱ्यात पैसे वळवायचे तर आधी लेखी परवानगी. खर्च करून मग परवानगी मागायची नाही.

चौथी पायरी (वस्तू वर पाठवणाऱ्यांसाठी): इन-स्पेस आणि पोएम

परवानगी लागतेच का? १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार देशातल्या खासगी संस्थेने अंतराळात केलेल्या गोष्टीलाही तो देशच जबाबदार असतो, आणि १९७२ च्या दायित्व करारानुसार नुकसानभरपाईचा दावा देशावर येतो. तुमचा किलोभराचा डबा कुणाच्या उपग्रहावर आदळला तर उत्तर दिल्लीला द्यावं लागतं. म्हणून डब्याची इतकी चौकशी.

पुण्याला हे नवं नाही. सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. जेमतेम किलोभर वजन, १० सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, काम हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे संदेश इकडून तिकडे पोचवण्याचं. दिशा राखायला त्यात मोटर किंवा चाक नव्हतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी स्वतःला जुळवून घेणारी निष्क्रिय चुंबकीय पद्धत होती. नवख्यांनी याच वृत्तीने रचना करावी: हलणारा भाग जितका कमी, तितके चाचणीचे अहवाल कमी.

आज मात्र पहिल्याच फटक्यात आख्खा उपग्रह बनवू नका. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कक्षेतच राहतो. त्याला सौर पट्ट्या, बॅटरी आणि दिशानियंत्रण देऊन इस्रोने ‘पोएम’ हे फिरतं प्रयोगमंच केलं आहे. तुम्ही फक्त उपकरण द्यायचं; वीज, दिशा आणि संदेशवहन मंचाचं. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वरच्या पोएम-४ मध्ये २४ उपकरणं होती, त्यातली १० इस्रोबाहेरच्या संस्थांची, आणि त्यात पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचं ‘स्टर्ग-पी१.०’ होतं.

वाट अशी. इन-स्पेसच्या डिजिटल पोर्टलवर संस्थेची नोंदणी करायची. मग अर्ज: उपकरण काय करतं, वजन, वीज, डेटा, सुटे भाग कुठून आणले, परदेशी भागीदार किंवा पैसा आहे का. त्यानंतर चौकटीचा सामंजस्य करार. तो झाला म्हणून हुरळून जाऊ नका, त्यात एकही तारीख नसते. खरं काम पुढच्या कागदात असतं: संयुक्त प्रकल्प अंमलबजावणी आराखडा, ज्याला तिथे सगळे जेपीआयपी म्हणतात. कुठलं केंद्र, कुठली चाचणी, किती दिवस, शुल्क किती, हे त्यात लिहिलेलं असतं. जे त्यात नाही ते मिळणार नाही असं समजा. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे वाक्य पुण्याच्या हद्दीतच सोडून जा.

रेडिओ असेल तर फ्रिक्वेन्सीचा अर्ज पहिल्याच महिन्यात सुरू करा. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ते पाहते, आणि हौशी पट्टा वापरायचा तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेकडून समन्वय करून घ्यावा लागतो. हौशी पट्ट्यावर धंद्याचा डेटा पाठवता येत नाही. हार्डवेअर तयार आणि फ्रिक्वेन्सी अडकलेली, ही अवस्था इतक्यांची होते की तिला अपघात म्हणवत नाही.

*डब्यात काय चुकतं*

पीव्हीसी आवरणाची वायर निर्वातात वायू सोडते आणि तो शेजाऱ्याच्या भिंगावर बसतो. टेफ्लॉन आवरणाची वायर वापरा. कुठलंही गोंद, टेप, लेप निवडताना दोन आकडे बघा: एकूण वस्तुमान घट १ टक्क्याच्या आत, आणि थंड पृष्ठभागावर साचणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत. उत्पादकाच्या डेटाशीटवर हे नसेल तर ते साहित्य घेऊ नका.

जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा दिलेले स्क्रू नकोत. निर्वातात हे धातू उडून जातात. पुण्यातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पुढे येणारा पिवळा-चकचकीत स्क्रू बहुधा जस्ताचाच. स्टेनलेस सांगून घ्या, बिल ठेवा. शिसेविरहित सोल्डरने शुद्ध कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि शॉर्ट होतं, म्हणून शिसं असलेलं सोल्डर. मोबाइलमधली पिशवीसारखी लिथियम बॅटरी निर्वातात फुगते, तिला दाबून धरणारी चौकट लागते.

सुटा क्यूबसॅट (ठोकळ्याच्या आकाराचा छोटा उपग्रह) असेल तर मानकाप्रमाणे उपग्रह सुटल्यावर ३० मिनिटं काही उघडायचं नाही आणि ४५ मिनिटं रेडिओ बंद. हा टायमर सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि चाचणीच्या घाईत ‘तात्पुरता’ शून्यावर आणलेला टायमर तसाच राहतो. अंतिम कोड भरल्यावर घड्याळ लावून पूर्ण ४५ मिनिटं बसा.

*कंपन चाचणी, जवळून*

रॉकेटवर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची कंपन चाचणी होते. पुण्यात वाहनउद्योगामुळे शेकर टेबलं भरपूर आहेत. घरच्या घरी पूर्वचाचणी करून घ्या, पण आधी दोन प्रश्न विचारा. टेबल २० ते २००० हर्ट्झ रँडम प्रोफाइल (अनेक वारंवारितांची एकत्र, अनियमित कंपनं) चालवतं का? गाडीच्या भागांसाठी लावलेलं टेबल बऱ्याचदा त्याआधीच थांबतं. आणि टेबलावरच्या भोकांची मांडणी काय? त्याप्रमाणे उपकरण टेबलाला जखडणारी तुमची फिक्स्चर प्लेट बनवायची असते. प्लेट जाड अ‍ॅल्युमिनियमची, उपकरणापेक्षा कितीतरी कडक. पातळ प्लेट स्वतःच गुणगुणते आणि तुम्ही उपकरणाऐवजी प्लेटची चाचणी करून परत येता.

प्रत्येक अक्षावर क्रम तीन टप्प्यांचा. आधी हलकी साइन फेरी (एकेक वारंवारिता क्रमाने), उपकरणाच्या नैसर्गिक वारंवारिता कुठे आहेत ते बघायला. मग खरा रँडमचा मारा. मग पुन्हा तीच हलकी साइन फेरी. आता दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. पहिली शिखररेषा समजा २१० हर्ट्झवर होती आणि माऱ्यानंतर १९५ वर आली. ही ७ टक्क्यांची घसरण आहे. ५ टक्क्यांच्या पुढे गेली की काहीतरी सैल झालंय. बाहेरून डबा तसाच दिसेल, वीज दिली तर चालेलही. तरी उघडा. बहुधा सर्किट बोर्ड आणि चौकटीमधला एखादा स्टँडऑफ (आधाराचा खुंट) पाव फेरा फिरलेला सापडेल, कारण तिथे टॉर्क लावला होता पण स्क्रूच्या डोक्याशी इपॉक्सीचा ठिपका टाकायचा राहिला. टॉर्क किती लावला, कुणी लावला, ठिपका कधी टाकला, याची स्क्रूनिहाय वही असेल तर पाच मिनिटांत दोष सापडतो. नसेल तर सगळे स्क्रू संशयित.

उष्मा-निर्वात चाचणी मात्र पुण्यात सहज जमत नाही. बोपलच्या इन-स्पेस तांत्रिक केंद्रात ती आणि कंपनाची सोय आहे. जेपीआयपीमध्ये दिवस लिहून घ्या आणि एक दिवस जादा मागा. कक्षातली हवा काढायलाच वेळ जातो, आणि पहिल्या दिवशी कनेक्टर जुळत नाही हे ठरलेलं. कक्षाच्या आतल्या बाजूच्या कनेक्टरचा नेमका प्रकार आधी विचारून तशी केबल बनवून न्या.

पाचवी पायरी (वर्कशॉपसाठी): पुरवठादार होणं

पुणे जिल्ह्याचा इस्रोशी जुना संबंध लेथ-मिलिंगचा आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग (इंधनाभोवतीची पोलादी कवचं) बनत आली आहेत, २.८ मीटर व्यासाची, एम-२५० मॅरेजिंग पोलादाची. या पोलादात १८ टक्के निकेल, कार्बन जवळपास नाहीच. ताकद येते ती मशिनिंगनंतर ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास केलेल्या एजिंगमधून, आणि त्या भट्टीत माप थोडं आकसतं. किती आकसेल याचा अंदाज आधीच मापात धरणं, हीच त्या कामाची खरी कारागिरी.

नवख्याला असं काम मिळणार नाही, मिळूही नये. सुरुवात ब्रॅकेट, फिक्स्चर, ग्राउंड सपोर्टची उपकरणं, ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचे डबे यांनी होते.

उद्यम नोंदणी, क्लास-३ डिजिटल सही (सही आणि एन्क्रिप्शन दोन्हीसाठी), इस्रोच्या ई-खरेदी पोर्टलवर आणि सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर नोंदणी, ही झाली तयारी. सूक्ष्म-लघु उद्योगाला अनामत रकमेत सूट मिळते, आणि तुमचा दर सर्वात कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर तो दर मान्य करून कामाचा हिस्सा मिळवता येतो. निविदा दोन भागांची: तांत्रिक आणि दर. तांत्रिक भागात चुकून दर लिहिला की खेळ संपला. वेळापत्रकात बिड भरण्याखेरीज ते उघडायला तुमची डिजिटल संमती देण्याचा वेगळा कालावधी असेल तर तो कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. उत्तम दर भरून ही दुसरी तारीख विसरणारे आहेत.

दर काढताना चाकणचा हिशेब डोक्यातून काढून टाका. तिथे एक भाग पन्नास हजार नग. इथे बारा नग, कधी तीन. मशिनिंगपेक्षा सेटिंग, तपासणी आणि कागद जास्त खातात. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन पहिल्या नगाचा पूर्ण तपासणी अहवाल द्यावा लागतो. त्याचे तास दरात धरलेच पाहिजेत. व्हॉल्यूमच्या आशेने कमी दर भरणाऱ्यांना आमचा एकच सल्ला: भरू नका. व्हॉल्यूम येत नाही.

*हीट नंबर, जवळून*

समजा तीन मीटरचा बार आला. एका टोकाला पंच केलेला हीट नंबर (धातू भट्टीच्या कुठल्या खेपेतला, त्याचा क्रमांक), सोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. हेल्पर सवयीने त्याच टोकाकडून पहिला तुकडा कापतो, तो तुकडा सेटिंगमध्ये खराब होतो आणि भंगारात जातो. आता मांडणीवर पडलेला पावणेतीन मीटर बार कुठल्या हीटचा? माल तोच, सर्टिफिकेट तेच, पण दोघांना जोडणारा पंच भंगारात गेला. इस्रोचा तपासनीस तो बार नाकारतो आणि त्याचं बरोबर असतं. करवत लावण्याआधी नंबर उरणाऱ्या भागावर पंच करायचा, दोघांनी सही करायची, मग कापायचं. मॅरेजिंगसारखा महागडा माल बहुधा इस्रोच ‘फ्री इश्यू’ म्हणून, पैसे न घेता, देते. त्यावर बँक गॅरंटी किंवा विमा लागतो, आणि काम झाल्यावर उरलेले तुकडे, चिप्ससुद्धा वजन करून परत करावे लागतात. वजन जुळलं नाही तर बिल अडकतं.

वाहनउद्योगाच्या आणखी काही सवयी इथे महागात पडतात. भाग चांगला दिसावा म्हणून न विचारता झिंक प्लेटिंग करून पाठवणं. टायटॅनियमवर क्लोरीनयुक्त कूलंट वापरणं, त्याने पुढे ताणाखाली तडे जाऊ शकतात. उच्चताकदीच्या पोलादाला प्लेटिंगनंतर बेकिंग न करणं. आत शिरलेला हायड्रोजन काही तासांत भट्टीने बाहेर काढला नाही तर बोल्ट ताणाखाली काचेसारखा तुटतो. आणि सगळ्यात मोठी सवय, झाकण्याची. माप ०.०२ ने गेलं तर तसं लिहून कळवा. विचलनाचा अर्ज करता येतो, डिझायनर बऱ्याचदा ते मान्यही करतो. लपवून पाठवलेला नग सापडला की पुढची चौकशी तुमच्या आधीच्या सगळ्या नगांची होते.

पैसा आणि करार, थोडक्यात

इन-स्पेसचा तंत्रज्ञान स्वीकार निधी ५०० कोटींचा आहे: स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत, मोठ्या उद्योगांना ४० टक्क्यांपर्यंत, कमाल २५ कोटी. उरलेला वाटा तुमचा, तो कुठून येणार ते अर्जातच दाखवावं लागतं. परदेशी गुंतवणूक घेणार असाल तर २०२४ चे नियम बघा: सुट्या भागांत १०० टक्के, उपग्रहनिर्मिती आणि डेटात ७४ टक्के, प्रक्षेपकांत ४९ टक्के आपोआप मार्गाने, त्यापुढे सरकारची मंजुरी.

करारात बौद्धिक संपदेचं कलम सही करण्याआधी वाचा. तुम्ही आधीपासून घेऊन आलेलं तंत्र आणि प्रकल्पात नव्याने जन्मलेलं तंत्र यांची यादी वेगवेगळी जोडा. यादी जोडली नाही तर तीन वर्षांनी ‘हे आमचंच होतं’ हे सिद्ध करायला ईमेल शोधत बसाल. विलंबाचा दंड आठवड्याला किती, कमाल किती, हेही बघा, आणि कच्चा माल उशिरा मिळाला तर तुमची मुदत वाढेल असं वाक्य आहे का ते शोधा.

परदेशी संस्थेबरोबर

हे दार नवख्याचं नाही, तरी पुण्यातून ते उघडलेलं आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘स्कियापरेली’ मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण रेडिओ संकेत खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने टिपला होता. नारायणगावजवळच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या तीस डिश, मूळ काम खगोलशास्त्राचं. त्या उपयोगी पडल्या कारण तो संकेत त्यांच्याच पट्ट्यात होता. सहकार्य बहुधा असंच जुळतं, तुमच्याकडे आधीच असलेल्या गोष्टीवर.

कामाची वाटणी कशी करावी याचा नमुना म्हणून नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह बघा, ३० जुलै २०२५ ला जीएसएलव्हीवरून गेलेला. एल-बँड रडार आणि १२ मीटरची अँटेना नासाची; एस-बँड रडार, उपग्रहाचा सांगाडा आणि प्रक्षेपण इस्रोचं. ज्याने त्याने आपला खर्च आपण केला. दोन प्रयोगशाळांच्या छोट्या करारातही असंच करा: सीमारेषा कनेक्टरवर ओढा, मध्ये नको. कनेक्टरच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं त्यांचं, आणि पिन क्रमांक लिहिलेलं एक पान दोघांच्या सहीचं.

वस्तू किंवा ड्रॉइंग देशाबाहेर पाठवण्याआधी परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ‘स्कोमेट’ यादीचा पाचवा वर्ग तपासा. अंतराळाशी संबंधित माल आणि तंत्रज्ञान त्यात येतं. ड्रॉइंग ईमेल करणं हीसुद्धा निर्यातच. अमेरिकन सुटा भाग मागवताना अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र मागतात. त्यावर वापर खरा आणि नेमका लिहा. ‘आर अँड डी’ एवढंच लिहिलं तर पार्सल कुरिअरच्या गोदामात बसून राहतं आणि तुमची कंपन चाचणीची तारीख निघून जाते.